हात दिसतायत का?

आमच्या मुलीला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. अबुधाबीत तपासण्या झाल्या, मग सुट्टीत पुण्याला जाऊन पुन्हा केल्या. कानाकडून मेंदूकडे जाणारी नसच दोन्ही बाजूंना नीट तयार झालेली नव्हती. त्यामुळे मशीन लावून किंवा ऑपरेशन करून काही होण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "आवाजाच्या मागे लागून हिची वर्षं घालवू नका. हिला भाषा द्या. हातांची द्या, पण लवकर द्या."

आम्ही परत आलो आणि अबुधाबीतल्या एका सेंटरमध्ये तिघंही शिकायला लागलो. शिक्षिका जॉर्डनची होती, पुस्तकं इंग्रजी होती, आणि जे दोन्हीकडे नव्हतं ते आम्ही घरी तयार केलं. थालीपीठ म्हणजे तळहातावर बोटाने भोकं पाडायची. बाबा म्हणजे मिशीला पीळ. तिला स्वतःला हाक मारायची खूण म्हणजे डाव्या गालावर बोट, कारण तिथे खळी पडते. तिच्याशी मराठीत आम्ही एवढंच बोलू शकलो. लिहा-वाचायला ती शिकली ती इंग्रजीतच.

मी एका मोबाइल कंपनीत इंजिनिअर होते, डेटा विभागात. नवरा फुजैऱ्याला, डोंगरांपलीकडच्या किनाऱ्यावर. तिथे समुद्रात जहाजं इंधन भरायला रांगेने उभी असतात. किती तेल दिलं आणि किती पोचलं हे जहाजावर चढून मोजणं हे त्याचं काम. तो तिकडे दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा, कारण तेव्हा इथे शुक्रवारची सुट्टी असायची. शनिवारी पहाटे परत. म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस बाबा म्हणजे फोन.

आणि फोन म्हणजे काय, हे तिला समजायला काही मार्गच नव्हता. तिच्या दृष्टीने फोन ही एक काळी वस्तू होती. आई ती गालाला लावते, मग आईचा चेहरा बदलतो, आई भिंतीकडे बघून हसते आणि तिने कितीही ओढलं तरी लक्ष देत नाही. मी एकदा फोन ठेवून तिला खुणेने सांगितलं, बाबा होता. तिने फोन उचलून उलटासुलटा केला, खालून बघितलं. मग माझ्यासारखाच गालाला लावून भिंतीकडे बघून हसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

त्या काळात मोबाइल हे बोलायचं यंत्र होतं. त्यावरून कॉम्प्युटरची माहितीही पाठवता येते असं सांगितलं की लोक विचारत, "कशाला?" आमचा विभाग लहान होता आणि मजल्याच्या टोकाला, प्रिंटरच्या शेजारी बसायचा. पद्धत अशी, की फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि साध्या कॉलसारखा कॉल लावायचा. त्या कॉलमधून आवाजाऐवजी माहिती जायची. गती इतकी कमी, की चार ओळींची ईमेल सुखाने जायची आणि फोटो म्हटलं की सगळे घड्याळाकडे बघायचे.

तरी मी नवऱ्याला एक जोडणी करून दिली. त्याच्या ऑफिसात डिजिटल कॅमेरा होता. मी म्हटलं, "तिची खूण करतोयस असा फोटो काढ आणि पाठव. लहान करून पाठव."

"जाईल का?"

"जाईल. दम धर."

इकडे मीही लॅपटॉपला फोन जोडून मुलीला मांडीवर घेऊन बसले. चित्र वरून खाली, एकेक पट्टी येत होतं. आधी आकाश आलं. मग क्रेनचं टोक. मग केस, मग कपाळ. कपाळ आल्याबरोबर तिने मिशीची खूण केली, ओळखलं होतं. डोळे आले, मिशी आली, ती टाळ्या पिटायला लागली. हनुवटीपर्यंत चित्र आलं आणि कॉल तुटला. त्याखाली नुसता करडा चौकोन राहिला. तिने त्या करड्या भागावर बोट टेकवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हात?"

पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तुटलं. संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "असं कर, पुढच्या वेळी मी डोक्यावर हात धरून फोटो काढतो. हात आधी पोचतील." आणि खरंच तसा काढला. पोलिसाने पकडलेल्या माणसासारखा दिसत होता, पण एक बोट वाकवून डाव्या गालाकडे नेलेलं होतं. तो फोटो पूर्ण पोचला. तिने मला त्या दिवशी लॅपटॉप बंद करू दिला नाही.

जीपीआरएस आलं तेव्हा आमच्या विभागाला खिडकीजवळची जागा मिळाली. आता माहितीसाठी कॉल लावून धरून ठेवायला नको होता. माहितीची छोटी पाकिटं व्हायची आणि हवेत जिथे जागा मिळेल तिथून ती जायची. कॅमेऱ्याचे फोन त्याच सुमाराला आले. मी ऑफिसमधून दोन मिळवले, एक स्वतःला, एक नवऱ्याला. मग बापलेकीचा उद्योग सुरू झाला. एक फोटो म्हणजे एक शब्द. तो जहाजावरून उतरला की हाताची एक खूण करून फोटो पाठवायचा: जेवलो. ऊन. मोठं जहाज. ती माझ्या फोनवर बघायची आणि उत्तराचा फोटो मला काढायला लावायची. मी फोन धरायची, ती सोफ्यावर उभी राहून खूण करायची.

स्थिर चित्रात एक अडचण होती, ती आम्हाला लवकरच कळली. "येतो" आणि "जातो" या आमच्या खुणा सारख्याच होत्या, फरक फक्त हात कुठल्या दिशेने सरकतो एवढाच. एका गुरुवारी त्याने दुपारीच "येतो" पाठवलं, आणि तिने ते "जातो" असं वाचलं. बाबा सुट्टीच्या दिवशी कुठेतरी निघून जातोय म्हणून ती रागावून पलंगाखाली जाऊन बसली. तो तीन तास गाडी चालवून, डोंगर ओलांडून घरी आला, तर मुलगी बाहेर येईना. पलंगाखाली वाकून त्याने हात हलवला, या वेळी खरा. ती बाहेर आली ती आधी त्याच्या हातावर फटका मारूनच.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच उपाय काढला. तेव्हा ती पाच वर्षांचीही नसेल. तिने मला आधी हात लांब असलेला फोटो काढायला लावला, मग हात जवळ आलेला दुसरा. दोन्ही एकामागे एक बघायचे. लांब, मग जवळ, म्हणजे येतो. जवळ, मग लांब, म्हणजे जातो. नवरा पोळी खाता खाता थांबला. मला म्हणाला, "हिने सिनेमा शोधून काढला की गं."

पुढे थ्रीजी आलं. आमच्या कंपनीत त्या महिन्यांत वेगळंच वारं होतं. मार्केटिंगची माणसं मजल्यावर फिरायला लागली, होर्डिंगवर फोनमध्ये हसणारे चेहरे झळकले. व्हिडिओ कॉल! चाचणीसाठी आम्हाला फोन मिळाले. मी एक फुजैऱ्याला पाठवला आणि पहिला कॉल मुलीसमोर लावला. ती तोवर शाळेत जायला लागली होती.

तो दिसला. लहानसा, थोडा हिरवट, पण हलणारा. तिने तोंडावर हात धरला. त्याने हात वर केले, खूण करायला लागला, आणि त्याचे हात नाहीसे झाले. जिथे हात होते तिथे चौकोनी ढगासारखं काहीतरी पसरलं. हात थांबले की परत दिसायचे, हलले की फाटायचे. चेहरा मात्र स्वच्छ. ती वाट बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबाला सांग, हात स्वच्छ कर."

याचं कारण मला ठाऊक होतं. व्हिडिओ कॉलला नेटवर्क अगदी अरुंद वाट देत असे. एवढ्या वाटेतून चित्र न्यायचं तर काहीतरी सोडावं लागतं. जे स्थिर आहे ते एकदाच पाठवून भागतं, जे हलतं ते दर वेळी नव्याने पाठवावं लागतं. म्हणून जे हलतं तेच आधी बिघडतं. मी मीटिंगमध्ये विषय काढला, की चित्राची सेटिंग थोडी बदलता आली, चेहऱ्याचा तपशील कमी करून हालचालीला जागा देता आली, तर बघावं. मार्केटिंगचा मॅनेजर, मुंबईचाच मुलगा, हसून हिंदीत म्हणाला, "मॅडम, हाथ किसको देखने हैं? लोगों को चेहरा चाहिए."

मी म्हटलं, "मेरे घर में दो लोगों को देखने हैं."

 आमचे साहेब, एक वयस्क सुदानी गृहस्थ, त्यांना घरची परिस्थिती माहीत होती. मीटिंगनंतर त्यांनी मला बोलावून सांगितलं, की फोनमधली सेटिंग फोन बनवणाऱ्यांच्या हातात आहे, आपल्या नाही. ते लिहून बघतील. "इन्शाल्ला," म्हणाले. त्यांनी लिहिलं, हे मला माहीत आहे. उत्तर आलं नाही, हेही.

तोवर घरी बापलेकीने आपापसात मार्ग काढला होता. ती कॉलवर वेगळं बोलायला लागली. एक खूण करायची, थांबायचं, चित्र जागेवर येऊ द्यायचं, पुढची खूण. हात छातीपाशी न ठेवता चेहऱ्याला लागून ठेवायचे, म्हणजे फोन जवळ धरता येतो. फोन टेबलावर डब्याला टेकवायचा, मागे पडदा ओढायचा. आणि सुरुवात दर वेळी एकाच प्रश्नाने: हात दिसतायत का? बापही तसंच बोलायला शिकला. त्याला इतकी सवय झाली की घरी जेवणाच्या टेबलावरही तो थांबून थांबून, गालाजवळ हात धरून बोलायचा. सेंटरमधल्या तिच्या मैत्रिणी त्याची नक्कल करायच्या. "तुझा बाबा रोबो आहे का?" ती त्यांना सांगायची, "नाही, तो फुजैऱ्याला असतो."

माझं या कॉलमध्ये काम फोन लावून देण्याचं आणि बॅटरी बघण्याचं. नवऱ्याशी मी पूर्वीसारखीच आवाजाने बोलत असे, ती झोपायला गेल्यावर किंवा ऑफिसमधून. ते बोलणं थोडक्यात असायचं. गॅस संपला, शाळेची मीटिंग आहे, आईचा फोन आला होता. "बाकी?" "बाकी ठीक." "तुझं?" "ठीक."

मग वर्षं भरभर गेली असंच म्हणावं लागेल. नेटवर्कच्या मागे एकेक अक्षर, आकडा लागत गेला आणि दर वेळी आम्ही रात्रंदिवस राबून टॉवरवरची यंत्रं बदलली. फोरजी आलं तेव्हा ती चौदाएक वर्षांची होती. इंटरनेटवरून व्हिडिओ कॉल करायला इथे परवानगी असलेली ॲप मोजकीच. त्यातलं एक घेतलं आणि चित्र एकदम लखलखीत झालं. हात कितीही जोरात हलवा, बोट न् बोट दिसतंय. नवऱ्याच्या मागची समुद्रातली जहाजंसुद्धा मोजता यावीत इतकं स्पष्ट.

आणि नेमकं तेव्हा तिचं बोलणं कमी झालं. तिला आता जगभरच्या मैत्रिणी होत्या. दिवसभर फोन भिंतीला टेकवून ती त्यांच्याशी हातांनी बोलत बसायची, कुणी शारजाची, कुणी कैरोची, कुणी टोरांटोची. बाबाचा कॉल आला की शाळा छान, जेवण छान, नंतर बोलू. तो बिचारा आठवडाभराच्या गोष्टी साठवून बसलेला. एकदा मला म्हणाला, "पूर्वी चित्र खराब होतं ते बरं होतं. आता इतकं स्वच्छ आहे की तिचं लक्ष दुसरीकडे आहे हेसुद्धा दिसतं."

"सगळ्याच मुली या वयात अशा असतात," मी म्हटलं.

"असतील," तो म्हणाला.

त्याचा आवाज बसायला लागला तेव्हा ती कॉलेजात होती. आम्ही आधी लक्ष दिलं नाही. जहाजाच्या डेकवर इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलायचं, वर धूळ, वर एसी, घसा बसणारच. पण दोन-अडीच महिने झाले तरी आवाज मोकळा होईना. फोनवर तो किराणा दुकानाचं शटर ओढल्यासारखा यायला लागला. शेवटी फुजैऱ्यालाच डॉक्टरांना दाखवलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. छोटं ऑपरेशन करून काढायची, तपासायला पाठवायची, आणि त्यानंतर काही आठवडे अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही.

मी जाऊन ऑपरेशनच्या वेळी राहिले. नंतर चार दिवसांनी तोच म्हणाला, म्हणजे पाटीवर लिहून म्हणाला, की तू जा, तुझ्याकडे काम आहे, मीही ऑफिसात बसून कागद बघतो. निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने अंगठा वर केला.

अबुधाबीला आल्यावर पहिल्या संध्याकाळी लक्षात आलं, की आता फोन करून उपयोग नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं आवाजाने बोललो होतो आणि त्याला आवाज नव्हता. मेसेज लिहून होतं, पण त्याला टाइप करायचा कंटाळा. दोन शब्दांपुढे जायचा नाही. मुलगी म्हणाली, "व्हिडिओ लाव ना. बाबाला येतं."

लावला. मी खुणा करायला लागले आणि मुलीने मागून माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं. "आई, फ्रेम! तुझे हात बाहेर जातायत. तू जेवणाच्या टेबलावर बसल्यासारखी बोलतेस." तिने माझी खुर्ची सरकवली, दिवा बदलला, पडदा ओढला. लहानपणापासूनचा तिचा तो सराव होता, आणि मी, नेटवर्कवर नोकरी करणारी बाई, या फोनवर कधी खरं बोललेच नव्हते. पलीकडे नवरा आवाज न करता हसत होता.

मग रोज संध्याकाळी आम्ही हातांनी बोलायला लागलो. मला जड जायचं. आमच्या घरच्या खुणा मुलीच्या आयुष्याला पुरतील अशा होत्या: जेवण, शाळा, राग, आजी, विमान, थालीपीठ. नवरा-बायकोच्या बोलण्याला लागणारे शब्द त्यात नव्हते. "बाकी ठीक" हे खुणेने म्हणायला गेलं तर फार लांबतं, आणि म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. खुणा करताना भिंतीकडे बघून चालत नाही. आवाजाने बोलताना मी फोन खांद्यावर धरून कणीक मळत असे. आता हातही त्याच्यासाठी आणि डोळेही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी त्याला विचारलं, रिपोर्ट कधी येणार? तो म्हणाला, या आठवड्यात.  मग त्याने छातीवर मूठ ठेवून ती दोनदा हलवली.

ही खूण आमच्या घरची आहे. मुलगी लहान असताना लिफ्टमध्ये शिरायला तयार नसायची, तेव्हा ही खूण बनली. भीती वाटते. पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने मला कधी म्हटलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांसमोरसुद्धा तो मला म्हणाला होता, "काही नाही गं, रुटीन आहे."  मी तीच खूण केली. मलाही.

तो म्हणाला, तिला सांगू नकोस.

मी मान हलवली आणि त्याची नजर माझ्या मागे गेलेली पाहिली. ती दारात उभी होती. आवाजाने बोलत असतो तर आवाज खाली आणला असता, विषय बदलला असता. तिने दोघांचेही हात पाहिले होते. ती आली, टेबलावरचा फोन उचलला आणि तिच्या खोलीत जाऊन खाली जमिनीवर बसली, दाराकडे पाठ करून. मला नुसती तिची कोपरं हलताना दिसत होती. बराच वेळ. मध्ये एकदा तिने मनगटाने डोळे पुसले आणि परत बोलायला लागली. पलीकडून तो काय म्हणत होता हे मला दिसणं शक्य नव्हतं, आणि मी पुढे गेलेही नाही.

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"ते तो माझ्याशी बोलला," ती म्हणाली. "तुला सांगायचं असेल तर तो सांगेल. उद्या आपण जातोय."

"माझी उद्या मीटिंग आहे."

तिने माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. मी साहेबांना मेसेज केला. आमचे सुदानी साहेब तोवर निवृत्त होऊन गेले होते. नवीन साहेबांनी "टेक केअर" लिहिलं.

गाडी तिनेच चालवली. मी शेजारी बसून बोलू शकत नव्हते, कारण तिचं लक्ष रस्त्यावर. डोंगरांतला रस्ता आला, दोन्हीकडे कोरडे तपकिरी कडे, आणि ती मध्येच एक हात स्टिअरिंगवरून उचलून म्हणाली, "त्याला मी लहानपणी फोटो पाठवायचे, ते सगळे त्याच्याकडे आहेत. त्याने काल दाखवले." आणि हात परत खाली.

रिपोर्ट त्या आठवड्यात आला. साधी गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही तिघंही समोर होतो; डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते आणि मी ऐकता ऐकता हातांनी मुलीला सांगत होते. "साधी" या शब्दाला आमच्याकडे खूण नव्हती. मी बोटांनी "वाईट" करून ते पुसून टाकलं. नवऱ्याने बोलायला मनाई असताना खुर्चीत बसून जोरात श्वास सोडला, एवढा आवाज झाला.

त्याचा आवाज पुढे परत आला, पण खरखरीत राहिला. वर्षाभराने त्याने जहाजांवरचं काम सोडलं आणि अबुधाबीत ऑफिसची नोकरी घेतली. आता तो रोज संध्याकाळी घरी असतो. सुरुवातीला मला ते अवघड गेलं. इतकी वर्षं एकटीने घर चालवलं की दुसऱ्या माणसाचे बूट सारखे दारात दिसले की अडखळायला होतं. पण एक सवय राहिली आहे. काही महत्त्वाचं असलं की आम्ही टीव्ही बंद करतो, समोरासमोर बसतो आणि हातांनी बोलतो.

मधल्या काळात इथलं टूजी, म्हणजे तो पहिला अर्धा फोटो ज्यावरून आला ते जुनं नेटवर्क, बंद झालं. त्या कामावर मीही होते. कुणाकुणाची जुनी यंत्रं अजून त्यावर चालतात ते शोधून त्यांना नवीन घ्यायला लावण्यात बरेच महिने गेले. ज्या दिवशी बंद केलं त्या दिवशी स्क्रीनवरच्या रेषा खाली आल्या, कुणीतरी म्हणालं, "खलास," कुणीतरी केक आणला होता तो कापला. मी एक तुकडा खाल्ला आणि पुढच्या मीटिंगला गेले.

मुलगी आता अल रीम आयलंडवर राहते, एका मैत्रिणीबरोबर, आमच्यापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. एका बँकेत ॲपच्या डिझाइनचं काम करते. फाइव्हजी, अमुक-तमुक, हे आता तिच्या बोलण्यातही येत नाही. पाण्याच्या नळाबद्दल कोण बोलतं? मात्र गेल्या हिवाळ्यात तिने फोनमध्ये एक नवीन गोष्ट आणली. फोन टेबलावर ठेवायचा. आजूबाजूला कुणी मराठी बोललं की तिच्या समोर ते इंग्रजीत लिहून येतं, बोलत असतानाच. फोन तो आवाज वर पाठवतो, तिकडे कुठल्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर त्याचं भाषांतर होतं आणि शब्द खाली येतात.

रविवारी आमच्याकडे चार मराठी घरं जेवायला होती. गर्दी, पुऱ्या, मुलांचा इंग्रजी गोंधळ. तिने फोन ताटाशेजारी, पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवला. कुणाला काही वाटलं नाही. फोन सगळ्यांचेच टेबलावर होते. मी पाहत होते. ती वाचत होती. पार्किंग, पुण्याचे फ्लॅटचे भाव, कुणाच्या सासूचा गुडघा. जन्मभर तिच्या डोक्यावरून जे चाललं होतं ते तिला पहिल्यांदा दिसत होतं. मध्येच तिने मला विचारलं, "रोज हेच बोलता?"

"साधारण," मी म्हटलं.

तेवढ्यात तिच्या समोर बसलेल्या माझ्या एका मैत्रिणीने, नेहमीच्याच मायेने आणि नेहमीच्याच आवाजात, मला विचारलं, "काय गं, हिच्यासाठी कुठे बघताय की नाही? नाही म्हणजे, अवघडच आहे म्हणा, पण एखादा तसलाच मुलगा..."

मी काही बोलायच्या आत मुलीने फोन उचलला, इंग्रजीत टाइप केलं आणि फोन पुढे धरला. फोन बाईच्या आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाला, "काकू, मी सध्या बघत नाही. विचारल्याबद्दल धन्यवाद. कृपया कोशिंबीर द्या."

 नवऱ्याला ठसका लागला.

"हिला ऐकू येतं?" मैत्रिणीने मला विचारलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ऐकू नाही येत," मी म्हटलं. "पण तू बोललीस ते तिने वाचलं."

मैत्रिणीने कोशिंबिरीचं भांडं दोन्ही हातांनी उचलून पुढे केलं. मग पुढे वाकून, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून तिला म्हणाली, "सॉ-री हं. सॉ-री."

मुलीने स्क्रीनकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. मग माझ्याकडे वळून तिने हातांनी विचारलं, "ही मला साडी का देतेय?"

फोनने 'सॉरी'ची साडी केलीय, हे मी तिला समजावून सांगितलं. मैत्रीण विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते, म्हणून तिलाही सांगितलं. आधी तीच हसली. मग मुलीने वाटीत कोशिंबीर वाढून घेतली आणि भांडं पुढे सरकवलं.